पावसाळ्यात पुळणीवर राहिलेले पक्षी

पाऊस सुरू झाला की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्हा पानावर 'परदेशी पाहुणे अजून मुक्कामीच' अशी बातमी हमखास येते. निष्कर्ष ठरलेले: पक्षी वाट चुकले, नाहीतर हवामानबदलाने त्यांचं चक्र बिघडलं. मला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात, आणि त्यापायी एक फार सुंदर गोष्ट सांगायची राहून जाते.

आक्षीच्या पुळणीवर, उरणच्या पाणथळीत, ठाणे खाडीच्या चिखलात हिवाळाभर दिसणारे चिखल्या, तुतवार, कर्ल्यू, गॉडविट हे चिखलात भक्ष्य टिपणारे स्थलांतरित पक्षी एप्रिल-मेपर्यंत उत्तरेला निघून जातात. कुणी मध्य आशियात वीण करतो, कुणी थेट सैबेरियाच्या टुंड्रात. मागे जे राहतात त्यांतले बहुतेक गेल्याच उन्हाळ्यात जन्मलेले असतात. ते का थांबतात, हे त्यांच्या पंखांत दिसतं.

उड्डाणाचा मुख्य भार पंखाच्या टोकाकडच्या दहा मोठ्या पिसांवर असतो. पीस केराटिन या प्रथिनाचं, आपल्या नखासारखं निर्जीव. एकदा पूर्ण वाढलं की त्याची डागडुजी होत नाही. झिजलेलं गळून नवंच यावं लागतं. प्रौढ पक्षी वीण आटोपून ऑगस्ट-सप्टेंबरात किनाऱ्यावर येतात आणि इथलं मुबलक खाणं खात ही पिसं आतून बाहेर, एकामागून एक, दोन्ही पंखांत सारखीच बदलतात. हे काम काही महिने चालतं. मार्चपर्यंत परतीच्या प्रवासासाठी कोरी पिसं तयार.

पिल्लाचं तसं नाही. त्याची पिसं टुंड्राच्या आखूड उन्हाळ्यात, काही आठवड्यांत, घाईने वाढलेली. त्याच पिसांवर हजारो किलोमीटर उडून ते इथे पोचतं, तेही अनेक जातींत आईबाप आधीच निघून गेल्यावर, जन्मजात दिशेच्या भरवशावर. मग सहा-सात महिने कोकणचं ऊन, खारा वारा आणि वाळू. मेलॅनिन हे रंगद्रव्य असलेला काळा भाग टणक असतो, फिकट कडा आधी झिजतात. पहिल्या हिवाळ्यात काही जातींची पिल्लं ही पिसं बदलतच नाहीत, काही फक्त बाहेरची तीन-चार बदलतात. अशा पंखांवर सैबेरिया गाठायचं कशाला? कर्ल्यूसारख्या मोठ्या जाती पहिल्या वर्षी वीण करतही नाहीत. म्हणून ते थांबतात आणि प्रौढांच्या कितीतरी आधी, मे-जूनमध्येच, पिसं बदलायला घेतात. चिखलातलं भक्ष्य टिपण्यात पिल्लं अजून मुरलेली नसतात, त्यामुळे लांबच्या प्रवासापुरती चरबी साठत नाही, असंही एक स्पष्टीकरण आहे. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

निघण्याचा इशारा दिवसाच्या लांबीतून मिळतो. रत्नागिरीत सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा, सर्वांत मोठा १३ तासांचा. एवढा फरक पक्ष्याला पुरतो. त्याच्या मेंदूच्या आतच प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात; कवटी पार करून येणारा उजेड त्यांना कळतो. शास्त्रज्ञ जाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये बदकांवर प्रयोग करून दाखवलं की यासाठी डोळ्यांचीही गरज नाही. या पेशींच्या इशाऱ्याने पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या एका भागात थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक वाढतं, त्यातून मेंदूतलं थायरॉइड संप्रेरक क्रियाशील होतं आणि जननग्रंथी जाग्या होतात. पहिल्या वर्षीच्या अनेक पक्ष्यांत ही साखळी पुरती धावत नाही. त्यांना विणीचा रंगही नीट चढत नाही.

हवामानबदलाचा स्थलांतरावर परिणाम होतो, पण तो वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसतो, एका पुळणीवरच्या दहा-वीस पक्ष्यांतून नाही. पक्ष्यांवरून पावसाचं भाकीत करणं तर सोडूनच द्यावं. चिखल्याच्याच कुळातल्या टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणून पाऊस जास्त पडत नाही, आणि ती रात्री ओरडली म्हणून कुणाच्या घरी माणूस दगावत नाही. तिच्या अंड्यांजवळ कुत्रा किंवा मुंगूस आलेलं असतं.

खरोखर दुर्मीळ पक्षी याच दिवसांत वेगळ्या कारणाने येतात. मास्क्ड बूबी, ब्राउन नॉडी, काजळी सुरय हे उघड्या समुद्रावरचे पक्षी. यांतले सुरय आणि नॉडी लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर वीण करतात. नैर्ऋत्येचा जोराचा वारा दमलेल्या पक्ष्यांना किनाऱ्यावर आणून टाकतो. असा पक्षी सापडला तर कळवळ्यापोटी लोक त्याला पुन्हा समुद्रात सोडतात. तसं करू नका, तो बुडेल. हवेला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

थांबलेल्या चिखल्यांची नोंद करताना मात्र नुसती संख्या लिहू नका. पक्षी आपणहून उडेल तेव्हा पंखांचा फोटो घ्या. त्यासाठी त्याला उठवू नका. पिसांच्या रांगेत दोन्ही बाजूंना सारखीच खाच दिसली, म्हणजे पिसं बदलत असल्याची खूण, तर तेही तारखेसोबत लिहा.