फिनलंडचं लोणी आणि एकोणिसावं गुणसूत्र

एकोणिसाव्या गुणसूत्रावर 'अपो-ई' नावाचं जनुक आहे. त्यापासून २९९ अमिनो आम्लांचं प्रथिन तयार होतं आणि ते रक्तातली चरबी यकृतापर्यंत पोचवायला मदत करतं. त्याच्या तीन मुख्य प्रकारांमधला फरक ११२ आणि १५८ या दोनच जागांवर असतो. दोन्हीकडे सिस्टीन हे अमिनो आम्ल असेल तर ई२, दोन्हीकडे आर्जिनिन असेल तर ई४. पहिल्या जागी सिस्टीन आणि दुसऱ्या जागी आर्जिनिन असलेला ई३ सर्वांत जास्त आढळतो. डीएनएत बदलतं ते एकेक अक्षर, सिस्टीनच्या टीजीसीचं आर्जिनिनचं सीजीसी होतं. ई४ असलेल्यांचं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल सरासरीने जास्त भरतं, ई२ असलेल्यांचं कमी.

युरोपात दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तसं ई४ वाढतं. इटलीच्या सार्डिनिया बेटावर जनुकाच्या वीस प्रतींमागे साधारण एक, तर फिनलंडमध्ये पाचांमागे एक. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे फिनलंडमध्ये शंभरातल्या सुमारे ३६ जणांकडे निदान एक ई४ असतो. विसाव्या शतकाच्या मध्यात हृदयविकाराचे मृत्यूही ग्रीसच्या क्रीट बेटावर कमी आणि पूर्व फिनलंडमध्ये भरमसाट होते. दोन नकाशे एकमेकांवर ठेवून निकाल लावण्याचा मोह इथेच होतो.

पण अभ्यासात रुग्ण फिनलंडचे आणि तुलनेसाठी निरोगी माणसं सार्डिनियाची घेतली, तर प्रौढपणी दूध पचवू देणारं डीएनएतलं अक्षरही 'हृदयविकाराचं' ठरेल, कारण तेही उत्तरेत जास्त आहे. म्हणून दोन्ही गट एकाच भागातले निवडतात आणि डीएनएतल्या हजारो अक्षरांवरून प्रत्येकाचे पूर्वज कुठल्या भागातले हे मोजून तेवढा फरक गणितातून वजा करतात. ही पायरी गाळलेल्या अभ्यासावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आणि पूर्व फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया प्रांताचं काय? १९७२ मध्ये पेक्का पुस्का या फिनिश डॉक्टरांच्या गटाने तिथे काम सुरू केलं. पावावरचं लोणी, सायीचं दूध, मीठ आणि सिगारेट कमी करण्यावर भर होता. पुढच्या चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. औषधोपचार सुधारले हेही त्यामागे आहेच. ई४ मात्र होता तिथेच राहिला.

नुसत्या हृदयासाठी ही जनुकचाचणी सहसा लागत नाही. ई४ चा बराचसा परिणाम एलडीएलमधूनच होतो आणि ते साध्या रक्ततपासणीत थेट मोजता येतं. शिवाय ई४ मुळे अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा धोकाही वाढतो, आणि जनुकचाचणीच्या अहवालात तोही न विचारता कळतो.