दहा पसंतिक्रम आणि अकरावा प्रश्न

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजांचे एक ते दहा पसंतिक्रम भरता येतात. २०२५ पासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. मी शाळेत समुपदेशक आहे. दहावीच्या निकालानंतर माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर मोबाइल घेऊन बसलेली मुलं दिसू लागली की समजायचं, अर्ज सुरू झाले. प्रश्न ठरलेला असतो. "बाई, दहाच्या दहा भरू का?" मी बघते, तर कॉलेजं दहा आणि शाखा एकच. सायन्स.

मग मी एक कोरा कागद पुढे सरकवते. "तुला माहीत असलेली कामं लिही. कोर्स नको, पगार नको, नुसती कामं. पाच मिनिटं." डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक, बँक, कलेक्टर, यूट्यूबर. सात-आठ झाली की पेन अडतं. एका मुलाचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक आणि आई अंगणवाडीत. त्याच्या यादीत ही दोन्ही कामं नव्हती. "ती तर नोकरी झाली ना बाई," तो म्हणाला. मुलांच्या हिशेबात काम म्हणजे जे 'व्हायचं' असतं ते. घरात रोज डोळ्यांसमोर चालतं ते धरलंच जात नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१८च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत जगभरच्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं की तिशीत तुम्ही काय काम करत असाल. ४१ देशांमधल्या ४७ टक्के मुलग्यांनी आणि ५३ टक्के मुलींनी जी उत्तरं दिली, ती अवघ्या दहा लोकप्रिय कामांत बसत होती. जगात कामांचे हजारो प्रकार, आणि निम्म्या मुलांची नजर दहा दारांवर.

बाकीची दारं बंद कोणी केली? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ साली याचं एक उत्तर मांडलं. (बुद्ध्यांक आणि वंश याविषयीचं त्यांचं इतर लिखाण चांगलंच वादग्रस्त आहे, पण ही मांडणी मला रोज उपयोगी पडते.) त्यांच्या मते मूल कामं निवडत नाही, आधी ती गाळत जातं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला एवढंच उमगतं की मोठी माणसं कामं करतात आणि त्यांच्या हातात सत्ता असते. सहा ते आठच्या दरम्यान पहिली खरी चाळणी लागते: हे बायकांचं काम, हे पुरुषांचं. नऊ ते तेराला दुसरी लागते, मानाची. कुठल्या कामाला लोक 'साहेब' म्हणतात आणि कुठल्या कामाला नाक मुरडतात, हे सहावीतल्या मुलाला नेमकं ठाऊक असतं. आपल्याला ते काम झेपेल का, याचा अंदाजही तो तेव्हाच बांधून टाकतो. मला स्वतःला काय आवडतं, हा प्रश्न येतो चौदाव्या वर्षानंतर, म्हणजे सगळ्यात शेवटी.

गोम या क्रमातच आहे. आम्ही समुपदेशक नववी-दहावीत जाऊन विचारतो, "तुला काय आवडतं?" तोवर चाळण्या लागून गेलेल्या असतात. मूल प्रामाणिकपणे उत्तर देतं, पण उरलेल्यातून देतं. गळून गेलेलं काम मुलाला आठवतही नाही. कोणीतरी बाहेरून पुन्हा समोर आणून ठेवलं तरच त्याचा विचार होतो.

पहिली चाळणी किती घट्ट असते याचा एक साधा पुरावा आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९६६ ते १९७७ या काळात ४,८०७ मुलांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' असं सांगितलं. बाई शास्त्रज्ञ निघाल्या फक्त २८, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. एकाही मुलग्याच्या कागदावर बाई उमटली नाही. पुढच्या दशकांत अमेरिकेत झालेल्या अशा पाहण्यांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये आला, तेव्हा बायकांच्या चित्रांचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास गेलेलं होतं. चाळणी सैल होते ती अशी. पण त्याच आढाव्यात हेही दिसलं की मुलं मोठी होत जातात तशी कागदावर पुरुषांची संख्या वाढत जाते.

म्हणून मी आता आधी वंशावळ काढून घेते. घरातल्या तीन पिढ्यांची नावं, आणि प्रत्येक नावाखाली ते माणूस दिवसभर काय करायचं. पद नाही, काम. "आत्या शेती करते" एवढ्यावर भागत नाही. आत्या बियाणं कसं निवडते, हिशेब कोण ठेवतं, माल कुठल्या बाजारात जातो, हे विचारून यायचं. एक मुलगी विचारून आली की तिची आजी सुईण होती आणि पंचक्रोशीत रात्री-अपरात्री कंदील घेऊन जायची. घरात हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. या कागदावर मुलं सहज वीसेक कामं लिहून आणतात, तीही पाच मिनिटांत सात सुचली होती तीच मुलं.

आता चाचण्यांविषयी, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. "एक टेस्ट घेऊन टाका ना मॅडम, म्हणजे कळेल." व्यवसाय मार्गदर्शनाची सुरुवात झाली ती चाचण्यांच्या आधी, गप्पांमधून. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये या कामाचं पहिलं कार्यालय उघडलं. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींची सांगड घाला, एवढं त्यांचं सूत्र. पुढे जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार पाडले: हाताने करणारे, शोध घेणारे, कलेकडे झुकणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि नीटनेटकी मांडणी करणारे. आजच्या बहुतेक कलचाचण्या याच घराण्यातल्या. आपल्या राज्य मंडळानेही २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली होती. निकालात शेती, कला, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती.

चाचणी वाईट नसते. पण ती कल मोजते, कुवत नाही. गाणं आवडणं आणि गळा असणं यांत जो फरक, तोच इथे. शिवाय आज मोजलेला कल किती टिकतो? या विषयावरच्या दीर्घकालीन अभ्यासांचा २००५ मध्ये एकत्र विचार झाला. त्यात दिसलं की बारा ते अठरा या वयात आवडीनिवडी मध्यमच स्थिर असतात आणि अठरानंतर हे स्थैर्य झपकन वाढतं. म्हणजे आम्ही शिक्का मारतो तो नेमका माती ओली असताना. चाचणीचा कागद मी मुलाच्या हातात देते तेव्हा एवढंच म्हणते की हा बोलायला विषय झाला. तो कागद लॅमिनेट करून आणणारे पालक मी पाहिलेत.

आणि अशीही मुलं असतात ज्यांना काही प्रश्नच नसतो. "डॉक्टर." का रे? "आमचं ठरलंय." हे 'आमचं' ऐकून आजूबाजूचे खूश होतात, मी जरा सावध होते. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. त्यात शोधही न घेतलेला आणि कशाला बांधूनही न घेतलेला एक गट. दुसरा शोधात असलेला, म्हणून अस्वस्थ. तिसरा शोध घेऊन ठरवलेला. आणि चौथा, शोध न घेताच ठरवून मोकळा झालेला; खरं तर त्याच्यासाठी कोणीतरी ठरवलेलं. बाहेरून तिसरा आणि चौथा अगदी सारखे दिसतात. फरक कळतो तो पहिल्या नापास झालेल्या प्रवेश परीक्षेनंतर. दुसऱ्या गटातलं मूल, जे दर आठवड्याला नवं काहीतरी सांगतं आणि ज्याच्या नावाने घरी खडे फोडले जातात, त्याची मला खरं तर कमी काळजी वाटते.

हे झालं दहा पसंतिक्रमांचं. पण पुष्कळदा अर्ज भरून झाला तरी मूल उठत नाही. बॅगेची चेन लावतं, उघडतं. मग विचारतं, "बाई, अजून एक विचारू?" त्या अकराव्या प्रश्नाचा कॉलेजशी काही संबंध नसतो.

हा प्रश्न कोणापुढे विचारला जातो, यावर आपल्याच देशात एक फार चांगलं काम झालं आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळा घेतल्या. काही शाळांत बाहेरून नेमलेला, प्रशिक्षण दिलेला पदवीधर समुपदेशक ठेवला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, साधा पदवीधर. काही शाळांत तोच कार्यक्रम तिथल्याच एका शिक्षकाला शिकवून त्याच्याकडे दिला. उरलेल्या शाळांत यातलं काहीच नाही, फक्त सरकारचा नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम. कार्यक्रमही आपल्या ओळखीचा: परिपाठाला बोलणं, भित्तिपत्रक, मुलांचे गट, चिठ्ठ्या टाकायची पेटी, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सचिन शिंदे आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. समुपदेशक असलेल्या शाळांमधलं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकाकडे दिलेल्या शाळांत मात्र या उरलेल्या शाळांपेक्षा फरक पडला नाही.

शिक्षकांनो, रागावू नका. मीही आधी इतिहास शिकवायचे, म्हणून सांगते. ज्याच्या हातात घटक चाचणीचे गुण आहेत, ज्याला चौथ्या तासाला दुसऱ्याच्या वर्गावर जायचंय, आणि जो पालकसभेत आईच्या शेजारी बसणार आहे, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करेल कसं? नालंद्याचा निष्कर्ष मी असाच वाचते. खुर्चीत बसलेल्याची पदवी किती मोठी, यापेक्षा त्याच्या टेबलावर गुणांचं रजिस्टर नाही, याला जास्त वजन आहे.

त्या खुर्चीत बसून करायचं काय? 'संगत'च्याच दिल्लीतल्या प्रयोगात सहा सरकारी शाळांमधल्या नववी ते बारावीच्या २५० मुलांना अडचणी कशा सोडवायच्या याच्या पुस्तिका दिल्या. निम्म्यांना नुसत्या पुस्तिका, निम्म्यांना सोबत समुपदेशकाच्या चार-पाच छोट्या बैठका. पायऱ्या तीनच: अडचण, पर्याय, करून बघणे. समुपदेशक भेटलेल्या मुलांना सहा आठवड्यांनी आपल्या अडचणींचा जाच कमी वाटत होता. मानसिक लक्षणांच्या गुणांत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. ही पद्धत रामबाण नाही, हे त्यातून कळलं ते बरंच झालं.

माझ्याकडे ती अशी चालते. दहावीतली एक मुलगी येऊन म्हणाली, "खूप टेन्शन आहे." टेन्शन ही अडचण होत नाही, ती वाफ आहे, भांडं शोधायला लागतं. बोलता बोलता भांडं सापडलं. घर एका खोलीचं, साडेअकरापर्यंत टीव्ही, पहाटे पाचला उठवून अभ्यासाला बसवतात, आणि वर्गात डोळे मिटतात. मग पर्याय, सुचतील तितके, वेडगळसुद्धा. टीव्हीची वायर लपवणे हा तिचा पहिला पर्याय होता. शेवटी तिने निवडला तो शेजारच्या काकूंच्या घरी नऊ ते साडेदहा बसायचा. एक आठवडा करून बघायचं, सोमवारी येऊन सांगायचं.

पहाटेच्या अभ्यासावरून तिच्या आईशी मलाच बोलावं लागलं. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. पंधराव्या वर्षी रात्री लवकर झोप न येणं हा आळस नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय दिला, कारण मुलांची झोप होत नाही. चांगलं केलं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे सरकलेलं असतं, ती नववी-दहावीची मुलं सातच्या शाळेलाच राहिली.

कधी अकरावा प्रश्न याहून जड असतो. जगण्याचाच कंटाळा आलाय, असं मूल आडून सुचवतं. तेव्हा सरळ विचारायचं: "स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" पुष्कळ शिक्षकांना भीती वाटते की विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात शिरेल. या भीतीला संशोधनात आधार मिळालेला नाही. उलट विचारल्यावर काही मुलांना सुटल्यासारखं वाटतं, असंही आढळलं आहे. मी काय गुपित ठेवेन आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते: जिवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार करत असेल तर मला पुढे सांगावंच लागेल. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. तो मी फळ्यावर लिहीत नाही, मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावं. आदेश वाचून मला फोन आले ते बहुतेक एकाच धाटणीचे: "आमच्या पीटीच्या सरांना कोर्स करायला लावला तर चालेल का?" मी त्यांना नालंद्याची गोष्ट सांगते.

चिठ्ठ्यांची पेटी आमच्याकडेही बसवली, जिन्याखाली, जिथे उभं राहिलेलं स्टाफरूममधून दिसत नाही. पहिल्या आठवड्यात तिच्यात चॉकलेटचे कागद निघाले आणि एकच चिठ्ठी: मुलींच्या बाथरूममधला नळ गळतो. मी शिपाईकाकांना घेऊन गेले आणि आधी तो नळ दुरुस्त करून घेतला. पुढच्या सोमवारी पेटीत नऊ चिठ्ठ्या होत्या.