सियायातील हिवताप

केनियाच्या पश्चिमेस, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या सियाया काउंटीत वर्षभर आढळणारा हिवताप (मलेरिया). वस्ती मुख्यतः लुओ समाजाची. शेती व मासेमारी हे प्रमुख व्यवसाय. मार्च ते मे या मोठ्या पावसानंतर रुग्ण वाढतात, पण संसर्ग कोणत्याच महिन्यात पूर्ण थांबत नाही. बहुतेक आजार प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या सर्वांत घातक जंतूमुळे होतो.

2020 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांखालील सुमारे 6 टक्के मुलांच्या रक्तात जंतू सापडले. सरोवरकाठच्या पट्ट्यात हे प्रमाण 19 टक्के होते. याच पट्ट्यात 2010 मध्ये ते 38 टक्के होते. यांतली सगळीच मुले आजारी नसतात. शाळकरी वयातील अनेक मुले रक्तात जंतू बाळगून हिंडतात-खेळतात, ताप नसल्याने दवाखान्यात येत नाहीत आणि डासांना मात्र जंतू पुरवत राहतात. म्हणून केवळ दवाखान्यातील नोंदींवरून गावातला हिवताप मोजणे अपुरे ठरते.

खरा घाला पडतो तो पाच वर्षांखालील मुलांवर. आईकडून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते आणि स्वतःची प्रतिकारशक्ती वारंवारच्या संसर्गातूनच हळूहळू तयार होते. या मधल्या काळात तीव्र रक्तक्षयाने मुले दगावतात. थोडी मोठी झालेली मुले ताप पचवतात, प्रौढांना सहसा सौम्य आजार होतो. गरोदर स्त्रिया याला अपवाद आहेत, त्यातही पहिलटकरणी. वारेत (प्लासेंटात) साठणाऱ्या जंतूंशी त्यांच्या शरीराचा पूर्वी सामना झालेला नसतो. त्यामुळे आईला रक्तक्षय होतो आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषाचे एकच जनुक असलेल्या मुलांना तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हे जनुक या भागात बरेच आढळते, तसेच विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी समाजांतही. दोन्ही पालकांकडून ते आले, तर मात्र मुलाला सिकल सेलचा आजार होतो आणि त्याला हिवताप फार धोक्याचा ठरतो.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात येथील असेंबो व गेम भागांत परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांची मोठी चाचणी झाली. एक महिना ते पाच वर्षे वयोगटातील मृत्यू सुमारे 16 टक्क्यांनी घटले. मच्छरदाण्या असलेल्या घरांपासून सुमारे 300 मीटरच्या आतील, मच्छरदाणी नसलेल्या शेजाऱ्यांनाही लाभ झाला. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण त्यामुळे मच्छरदाण्या सरसकट सर्वांना वाटण्याच्या धोरणाला बळ मिळाले.

पुढे हिवताप पसरवणाऱ्या डासांपैकी अ‍ॅनॉफिलीस गॅम्बिए हा डास घटला, पण कीटकनाशकाला दाद न देणारा अ‍ॅनॉफिलीस फ्युनेस्टस पुन्हा वाढला. 2019 मध्ये पश्चिम केनियाच्या काही भागांत लहान मुलांना आरटीएस,एस ही हिवतापाची लस देण्यास सुरुवात झाली. तिचे संरक्षण अंशतः असते व काळानुसार ओसरते, त्यामुळे लस घेतलेल्या मुलालाही मच्छरदाणीतच झोपवावे लागते.