अनार्का आणि हेन्रिएटा: दोन वेगळे अन्याय

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना वैद्यकशास्त्रानं कसं वागवलं हा विषय निघाला की जिच्या पेशी न विचारता घेतल्या त्या हेन्रिएटा लॅक्सचं नाव येतं, आणि हमखास कुणीतरी म्हणतं, "हो, तिच्यावर प्रयोग केले होते ना!" तिच्यावर नव्हे. ज्यांच्या शरीरावर प्रयोग झाले त्या अनार्का, बेट्सी आणि लूसी, तिच्या शंभर वर्षं आधीच्या.

या तिघी अलाबामातल्या गुलाम मुली. बाळंतपण अडल्यामुळे मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडलं होतं, लघवी सतत गळायची. डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी १८४५ पासून माँटगोमेरीत, घरामागच्या छोट्याशा इस्पितळात त्यांच्यावर शस्त्रक्रिया सुरू केल्या. परवानगी मालकाची. लूसीला हातागुडघ्यांवर ओणवं केलं, डझनभर डॉक्टर भोवती बघत उभे राहिले, आणि भूल न देता टाके घातले. नंतर लघवी निघून जावी म्हणून आत स्पंजाचा तुकडा ठेवला. तो आतच घट्ट चिकटला, ताप चढला, ती मरता मरता वाचली. हे सिम्स यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. अनार्कावर तर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथर या भुलीच्या औषधाचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, तरी या मुलींना भूल मिळाली नाही. गोरे मदतनीस कंटाळून निघून गेल्यावर त्या एकमेकींना धरून ठेवायच्या.

त्यांना बरं व्हायचंच होतं, असं सिम्स यांची बाजू घेणारे म्हणतात. असेलही. पण जिला 'नको' म्हणायची मुभा नाही, तिच्या 'हो'ला संमती कसं म्हणायचं?

हेन्रिएटाची गोष्ट १९५१ सालची, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर तिला रेडियमचे उपचार मिळाले, आणि त्या काळी तेच रूढ होते. चूक झाली ती वेगळीच. उपचाराआधी डॉक्टरांनी गाठीचा छोटा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवला, तिला न विचारता. असे नमुने घेणं तेव्हा सर्रास चालायचं. ती एकतिसाव्या वर्षी गेली, प्रयोगशाळेतल्या तिच्या पेशी मात्र वाढतच राहिल्या. 'हेला' नावानं त्या जगभर गेल्या, पोलिओच्या लशीच्या चाचणीतही वापरल्या गेल्या. कुटुंबाला हे कळलं वीसेक वर्षांनी. या पेशी विकणाऱ्या थर्मो फिशर कंपनीशी वारसांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये.

दोन्ही घटना 'प्रयोग' या एकाच शब्दात कोंबल्या की उपायही एकच वाटतो: संमतीपत्र. पेशींच्या बाबतीत ते खरं आहे. पण अनार्काच्या बाबतीत प्रश्न वेदनेचा आहे, आणि तो सहीनं सुटत नाही. काळ्या माणसाला कमी दुखतं, हा गुलामगिरीच्या काळातला समज अजून गेलेला नाही. २०१६ च्या एका अभ्यासात गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना काळ्या शरीराबद्दलचं किमान एक खोटं विधान खरं वाटलं. त्यांची कातडी जाड असते, हे त्यातलंच एक.

२०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू गोऱ्या स्त्रियांत १४.५ होते, कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३. कारणं अनेक आहेत, पण बाईचं म्हणणं कानाआड करणं हे त्यातलं एक. ते पैशानं किंवा प्रसिद्धीनं टळत नाही. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर टेनिसपटू सेरेना विल्यम्सला धाप लागली. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधीही झाला होता, म्हणून तिनं सीटी स्कॅन करा, असं सांगितलं. औषधांनी गोंधळली असेल, असं नर्सला वाटलं. तिनं हट्ट सोडला नाही, तेव्हा कुठे स्कॅन झाला. गुठळ्या होत्याच.