गिटारच्या आधीची बारी

गणपतीच्या दिवसांत एखाद्या बँडने जाखडी या कोकणातल्या नाचगाण्याची चाल गिटार आणि ड्रम्सवर वाजवली, की जुनी माणसं म्हणतात, हे मुंबईचं फॅड. तरुण मुलांना वाटतं, असं आपल्याकडे पहिल्यांदाच होतंय. वाद्यं बाहेरून आली हे खरंच आहे. पण पाठीशी कुठलीही कंपनी नसताना स्वतःच्या पैशाने गाणं उभं करायचं, आणि एकदा ‘आपला’ म्हटलेल्या गायकामागे लोकांनी गावोगाव जायचं, ही कोकणची जुनीच रीत आहे. लोकगीतं रॉकच्या वाद्यांवर वाजवणाऱ्या लोक-रॉक बँडला इथे निष्ठावंत श्रोते मिळतात ते या रीतीमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

बाहेरची हकीकत आधी थोडक्यात. 1965 मध्ये अमेरिकेत लोकगायक बॉब डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. ‘फोक रॉक’ हे नाव त्याच वर्षी रुळलं. 1969 पर्यंत इंग्लंडमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडने जुने इंग्रजी पोवाडे ड्रम्सवर आणले होते. आपल्याकडे 1990 साली दिल्लीत ‘इंडियन ओशन’ हा बँड सुरू झाला. त्यांचा बेसवादक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता. तिथे ऐकलेलं नर्मदेचं गाणं त्याने बँडमध्ये आणलं आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. 2010 मध्ये याच बँडने कंपनीचा नाद सोडून दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली.

त्याच्या कितीतरी आधी, 1984 मध्ये, गोव्यातल्या शिवोलीत गायक रेमो फर्नांडिस यांनी घरातच चार ट्रॅकच्या यंत्रावर ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट ध्वनिमुद्रित केली आणि स्कूटरवरून दुकानादुकानांत कॅसेटी पोचवल्या. गाणी इंग्रजी होती, पण विषय गावचे. स्वतंत्र बँडची गोष्ट सांगताना आपण दिल्ली-बंगळूरपासून सुरुवात करतो आणि शिवोली विसरतो, हे मला पटत नाही.

आता जाखडी. रत्नागिरी जिल्ह्यात गौरी-गणपतीला ही अंगणाअंगणात चालते. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला, भोवती पायात घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचं रिंगण. शाहिराने ओळ सोडली की कोरस ती उचलतो, ढोलकी लय चढवते, रिंगण कमरेत वाकून एक पाऊल आत टाकतं आणि गिरकी घेत बाहेर येतं. घुंगरांचा आवाज शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक, फरशीवर दुसरा आणि मुंबईच्या लाकडी रंगमंचावर तिसराच येतो. जुन्या ढोलकीवाल्यांना हे पक्कं माहीत असतं आणि ते हात त्याप्रमाणे हलका-भारी करतात.

याच जाखडीतून शक्ती-तुऱ्याचे सामने, म्हणजे बाऱ्या, रंगतात. पेशवाईच्या उत्तरकाळात शाहिरांचे कलगी आणि तुरा असे फड होते. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानत, तुरेवाले शिवाला. कोकणात तो वाद शक्तीवाले आणि तुरेवाले या नावांनी आजही जागा आहे. गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब. पुराणातला अवघड प्रश्न पदात गुंफून टाकायचा आणि समोरच्याने चालीतच उत्तर द्यायचं. शाहिराला गुरू असतो, गुरूचं घराणं असतं, आणि पदाच्या शेवटच्या कडव्यात कवीचं, गुरूचं, गावाचं नाव येतं. ती त्याची छाप. श्रोता शक्तीवाला की तुरेवाला हे बऱ्याचदा घरातूनच ठरलेलं असतं. आपला शाहीर दुसऱ्या तालुक्यात बारीला उभा राहणार असेल तर वाडी गाडी ठरवून जाते.

या निष्ठेला पैशाचा आधार दिला तो चाकरमान्यांनी. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या होत्या. गिरणीत पाळी करायची, खोलीवर दहा-वीस जणांनी राहायचं, वर्गणी काढून गावाचं मंडळ चालवायचं. ढोलकीला शाई भरणं, झांजा, नाचणाऱ्यांचे कपडे, थिएटरचं भाडं, सगळं त्याच वर्गणीतून. परळचं दामोदर आणि गिरगावचं साहित्य संघ ही नाट्यगृहं शक्ती-तुऱ्याच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमांना भरत. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. खोल्या रिकाम्या होत गेल्या, तरी मंडळं टिकली, हे मला विशेष वाटतं. कॅसेटच्या जमान्यात शाहिरांची पदं एसटी स्टँडवरच्या दुकानांत आली, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर मुंबईचा श्रोता एका रात्रीत गावच्या बारीला पोचू लागला.

खाली सिंधुदुर्गात हेच काम डबलबारी भजनाने केलं. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. अभंग, गौळण होत रात्र उतरणीला लागली की गजर. पखवाज दुप्पट लयीत जातो, झांजा तुटून पडतात आणि मंडपातली माणसं उभी राहतात. रॉकच्या मैफलीत शेवटच्या गाण्याला जे होतं ते इथल्या माणसाने लहानपणी मंडपात अनुभवलेलं असतं. म्हणून बँडला श्रोते नव्याने घडवावे लागत नाहीत.

वाद्यांची सांगड मात्र घालावी लागते, आणि तिथेच बँडची परीक्षा होते. बुवा काळीत, म्हणजे पेटीच्या काळ्या पट्टीचा सूर धरून, गातात. गिटारला त्या पट्ट्या सोयीच्या नाहीत, म्हणून कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावावा लागतो. भजनी ठेक्यात जो झोल, म्हणजे लयीचा हेलकावा, आहे तो ड्रमरने सरळ चार ठोक्यांत बसवला की चाल मरते. सगळ्यात उपयोगी पडतं ते घुमट. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. उजवा हात कातड्यावर वाजवतो, डावा तळवा मागचं तोंड झाकतो-उघडतो, आणि हवेच्या दाबाने खोल, घुमणारा नाद निघतो. गोव्यात चतुर्थीच्या मराठी आरत्या घुमट, शामेळ (छोटा नगारा) आणि कासाळ्यांवरच (झांजांवर) होतात. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लागे, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि बकरीचं आलं. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. चांगला माइक लावला तर घुमट बेस गिटारशेजारी ताठ उभं राहतं.

एक गोष्ट मला खटकते. पद तीन-चार मिनिटांत बसवायचं म्हणून बँडकडून शेवटचं कडवं गाळलं जातं. नेमकी त्यातच छाप असते. गाण्याच्या वर्णनात ‘पारंपरिक’ एवढंच लिहिलं जातं, आणि ज्या शाहिराने ते पद वहीत उतरवून शिष्यांना पाठ करून दिलं त्याचं नाव जातं. त्या घराण्याचे लोक कार्यक्रमाला बसलेले असतील तर त्यांना ते लगेच कळतं. कडवं ठेवलं, निदान मंचावरून शाहिराचं आणि त्याच्या गुरूचं नाव घेतलं, तर पुढच्या वेळी तेच लोक वाडीसह येतात.