आज कोणत्या घरी कोणती नर्स?

रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या एका नर्सला दिवसभरात दहा घरं करायची असतील, तर ती कोणत्या क्रमानं करायची याचे 36,28,800 पर्याय होतात. बारा घरं झाली की 47,90,01,600. आणि ही एकाच नर्सची गोष्ट. वीस नर्स आणि दोनशे रुग्ण असले, तर कोणी कोणाकडे जायचं इथूनच सुरुवात. प्रत्येक पर्याय तपासून पाहणं कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

या प्रश्नाचं मूळ वाहतुकीत आहे. जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी 1959 साली पेट्रोलचे टँकर डेपोतून पंपांपर्यंत कमीत कमी अंतरात कसे पोचवायचे, याचं गणित मांडलं. पण टँकर कोणी चालवत आणला, याच्याशी पंपाला देणंघेणं नसतं. आजारी माणसाला असतं. शिवाय इन्सुलिन जेवणाच्या वेळेला धरूनच द्यावं लागतं. जखमेचं ड्रेसिंग मात्र सकाळी अकराला केलं काय नि दुपारी चारला केलं काय, बहुधा चालून जातं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलायला प्रशिक्षित नर्सच हवी. एखाद्या आजींना आंघोळीसाठी बाईमाणूसच हवं असतं, आणि ती मागणी रास्तच आहे.

सर्वांत अवघड असते दोघींनी मिळून करायची भेट. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला उचलून खुर्चीत बसवायचं तर दोघी एकाच वेळी दारात हव्यात. पहिली वाटेत अडकली की दुसरी नुसती थांबून राहते आणि तिच्या पुढच्या सगळ्या घरांना उशीर होतो. त्या घरांपैकी एखाद्या ठिकाणी तिसरी नर्स तिची वाट पाहत असेल, तर उशीर तिच्याही फेरीत शिरतो. अशी एक भेट आली की कोणाचीच फेरी सुटी सोडवता येत नाही.

स्वीडनमध्ये 1992 पासून वृद्धांच्या घरपोच सेवेची मुख्य जबाबदारी नगरपालिकांकडे आहे. तिथे हे वेळापत्रक लावण्यासाठी ‘लॅप्स केअर’ नावाची प्रणाली तयार झाली. ती सगळे पर्याय तपासत बसत नाही. भेटींचे छोटे गट करते, ते कर्मचाऱ्यांशी जुळवून पाहते, गट जोडते, मधूनच फोडते, पुन्हा जुळवते. येणारं उत्तर सर्वोत्तम असेलच अशी खात्री नसते, पण चांगलं असतं आणि झटपट मिळतं. 2008 पर्यंत सुमारे 4,000 कर्मचाऱ्यांचं रोजचं नियोजन तिच्यावर होऊ लागलं होतं, आणि कार्यक्षमता 10 ते 15 टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे.

माझ्या मते खरा प्रश्न या टक्केवारीच्या पुढचा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या दारात रोज नवा चेहरा आला, तर तो घाबरतो, औषध नाकारतो. नेहमीच्या सिस्टरला पायावरची सूज कालच्यापेक्षा वाढलीय हे लगेच कळतं. नव्या सिस्टरला कालचा पाय ठाऊकच नसतो. म्हणून प्रवासाची मिनिटं मोजताना अनोळखी नर्स पाठवण्यालाही गणितात किंमत लावतात. ती किती लावायची हे संगणक सांगत नाही, माणसांनाच ठरवावं लागतं. ओळखीच्या नर्ससाठी रस्त्यावरची दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्यावीत, असं मला ठामपणे वाटतं.

सकाळी सहाला एखादीचा ‘ताप आहे, येत नाही’ असा फोन आला, की सगळं नव्यानं मांडावं लागतं. अशा वेळी सर्वांत कमी अंतराची नवी योजना शोधत बसण्यापेक्षा, कमीत कमी घरांची वेळ आणि नर्स बदलेल अशी योजना शोधणं शहाणपणाचं. बाकीच्या घरांत तोवर आपल्या नेहमीच्या सिस्टर येणार म्हणून लोक तयार होऊन बसलेले असतात.