सिंगल माल्ट स्कॉच : आस्वाद आणि निवड

सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट एवढ्यावरच एकाच डिस्टिलरीत, पॉट स्टिलमध्ये (हंड्यासारख्या भट्टीत) गाळलेली व स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवलेली व्हिस्की. मद्यार्क किमान ४० टक्के. बाटलीत त्या डिस्टिलरीची अनेक पिंपे मिसळलेली असू शकतात. लेबलावरचे ‘१२ वर्षे’ हे त्यांतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय.

२००९च्या नियमांनी हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन हे ५ प्रदेश मान्य केले. नवखा ग्राहक हाच नकाशा धरून बाटली निवडतो आणि हमखास गोंधळतो. आयला बेट लाफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिन या डिस्टिलरींच्या धुरकट व्हिस्कीसाठी प्रसिद्ध. पण तिथल्याच बुनाहावनची नेहमीची व्हिस्की बिनधुराची. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी तर एकाच छपराखाली तीन तऱ्हा गाळते : बेताच्या धुराची स्प्रिंगबँक, भरपूर धुराची लाँगरो आणि तीनदा गाळलेली, बिनधुराची हेझलबर्न. तेव्हा प्रदेशाआधी दोन गोष्टी पाहाव्यात : बार्ली पीटच्या धुरावर वाळवली आहे का, आणि पिंप कुठले आहे.

पीट म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. त्याच्या धुरातली फिनॉल नावाची, औषधी वासाची रसायने बार्लीत उतरतात; लाफ्रॉइगचा पहिला वास अनेकांना थेट दवाखान्यात नेतो. पिंपे बहुतेक अमेरिकेतून येतात, कारण तिथल्या कायद्याने बर्बनला, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीला, दरवेळी कोरे, आतून जाळलेले पिंप लागते; वापरलेली पिंपे मग विकली जातात. त्यातून व्हॅनिला, नारळ, मध उतरतो. शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपातून मनुका, अंजीर, मसाला. रंगावर मात्र विसंबू नये. कॅरॅमल घालायला कायद्याने मुभा आहे.

चाखण्यासाठी वर निमुळता होणारा छोटा ग्लास घ्यावा. नाक एकदम आत खुपसू नये, नुसता मद्यार्क झोंबतो. ओठ किंचित उघडे ठेवून जरा लांबूनच हुंगावे. छोटा घोट जिभेवर फिरवावा. मग थेंब थेंब पाणी घालून पुन्हा हुंगावे, दडलेले वास वर येतात. बर्फ ते गोठवतो, सोडा बुजवतो. रोजच्या पेगला चालेल, परीक्षेला नाही.

वयाचे कौतुकही बेतानेच करावे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात त्याहून कितीतरी जास्त; तिथल्या सिंगल माल्टला स्कॉचच्या वयाचे माप लावता येत नाही. शिवाय पीटचा धूर वर्षांगणिक मंदावतो. धुराच्या शौकिनाला म्हणूनच २५ वर्षांच्या बाटलीपेक्षा १० वर्षांची अनेकदा जास्त रुचते, आणि ती बरीच स्वस्तही पडते.